पुढचा मॉलिक्यूल कोणता, हे कोण ठरवतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय, हैदराबादच्या एका सीआरओत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी कंत्राटी संशोधन करणाऱ्या कंपनीत, केमिस्टची ऑफर हातात आहे. घरचे म्हणतात, घे. कॉलेजातले सर म्हणतात, नेट परीक्षा दे आणि पीएच.डी. कर. मनात मात्र नवं औषध शोधायच्या कामात शिरायचं आहे. तर मेडिसिनल केमिस्ट नेमकं करतो काय, भारतात त्यात करिअर होतं का, आणि एआयच्या धुमाळीत हे काम उरेल का?

मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे. आधीची बरीच फ्यूम हूडपुढे, म्हणजे लॅबमधल्या वाफा ओढणाऱ्या कपाटापुढे, गेली, अलीकडची जास्त करून स्क्रीनपुढे आणि मीटिंगांत. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

मेडिसिनल केमिस्ट मॉलिक्यूल बनवतो हे खरं, पण तेवढंच सांगितलं तर कामाचा अवघड भाग राहून जातो. आजाराशी संबंधित एखादं प्रोटीन बायोलॉजीवाल्यांनी हेरलेलं असतं, त्याला थोडाफार चिकटणारा एखादा हिट सापडलेला असतो. तिथून पुढे आपण त्यात बदल करत जातो. प्रत्येक नवं कंपाउंड टेस्टिंगला गेलं की आठ-दहा आकडे घेऊन परत येतं: आयसी-५० (प्रोटीनला निम्मं अडवायला लागणारं प्रमाण) किती, पाण्यात विरघळतं किती, लिव्हरच्या मायक्रोसोममध्ये टिकतं किती वेळ, आतड्याच्या पेशींचा थर ओलांडतं का, हृदयाच्या हर्ग चॅनेलला अडवतं का, उंदराला पाजल्यावर रक्तात किती पोचतं. एक आकडा सुधारला की दुसरा हमखास बिघडतो. पोटेन्सी वाढवायला ग्रीस चढवलं, म्हणजे लॉग-पी हा तेलकटपणाचा आकडा वाढवला, की विद्राव्यता जाते, लिव्हर चावायला लागते आणि हर्ग डोकं वर काढतो. कागदावर हजारो बदल सुचतात. बनवायला वेळ आणि पैसा असतो तो काही डझनांपुरता. आता यातले कोणते पाच बनवायचे आणि कोणता मोह सोडायचा, हे ठरवणं म्हणजे मेडिसिनल केमिस्ट्री.

ग्लिव्हेकचं, म्हणजे इमॅटिनिबचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरचं हे औषध अमेरिकेत मे २००१ मध्ये मंजूर झालं. बासलला सिबा-गायगीत युर्ग झिमरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली ती फिनाइलअमिनोपिरिमिडीनच्या सांगाड्यापासून, आणि हा सांगाडा मुळात प्रोटीन कायनेज सी या भलत्याच एन्झाइमला अडवत होता. पिरिमिडीनवर पिरिडीनची रिंग लावल्यावर पेशींमधला असर वाढला. फिनाइल रिंगवर बेंझामाइड लावल्यावर तो हव्या त्या टायरोसिन कायनेजना धरायला लागला. पण जुनं एन्झाइम काही सुटेना. मग त्याच फिनाइल रिंगवर, अमाइनच्या अगदी शेजारी, एक मिथाइल बसवला. त्या मिथाइलमुळे रिंग पिरिमिडीनच्या पातळीतून वळली, आणि प्रोटीन कायनेज सीवरचा असर संपला. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. राहिली विद्राव्यता. त्यासाठी शेपटाला एन-मिथाइलपायपरझीन जोडली, पण थेट रिंगला जोडली नाही. थेट जोडली असती तर अनिलिनसारखा तुकडा झाला असता, आणि अनिलिन म्हटलं की डीएनएला इजा होण्याची शंका येते. म्हणून मध्ये एक सीएच-टू घातला. हा एवढासा सीएच-टू बघून मला आजही बरं वाटतं. रोग बरा करण्याशी त्याचा काही संबंध नाही. कोणीतरी चार पावलं पुढचं बघितलं होतं, एवढंच.

प्रोटीन डेटा बँक हा प्रोटीनच्या त्रिमितीय रचनांचा डेटाबेस फुकट आहे. तिथे १आयईपी हा कोड टाकलात तर एबीएल कायनेजमध्ये, म्हणजे या ल्युकेमियामागच्या एन्झाइममध्ये, बसलेला इमॅटिनिब फिरवून बघता येईल. मधल्या एनएचचा ३१५ क्रमांकाच्या थ्रिओनिनशी झालेला हायड्रोजन बाँड शोधा. काही रुग्णांत पुढे नेमकं हेच थ्रिओनिन बदलून तिथे आयसोल्युसिन येतं. बाँड जातो, वर आयसोल्युसिनमुळे जागा अडते, आणि औषध चालेनासं होतं. त्या अडचणीच्या जागेतून मार्ग काढायला केमिस्टांनी सडपातळ, सरळसोट अल्काइन वापरला, आणि २०१२ साली पोनॅटिनिब आलं. एम.एस्सी.ला अल्काइनच्या हायब्रिडायझेशनवर पाच मार्कांचं उत्तर आपण सगळ्यांनी लिहिलंय. त्याचा उपयोग हा.

दुसरं उदाहरण घरातल्या औषधाच्या डब्यातलं. टरफेनाडीन हे ॲलर्जीचं औषध आधी जोरात चालत होतं. पोटात गेल्यावर सीवायपी-३ए४ हे लिव्हरचं एन्झाइम त्याचा बघता बघता फडशा पाडायचं, त्यामुळे रक्तात मूळ औषध जवळपास सापडायचंच नाही. पण सोबत कोणी केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं की ते एन्झाइम अडायचं, टरफेनाडीन रक्तात साचायचं, हर्ग चॅनेल बंद करायचं आणि हृदयाची लय बिघडायची. माणसं दगावली. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. तोवर लक्षात आलं होतं की ॲलर्जीवर काम करतं ते लिव्हरने तयार केलेलं मेटाबोलाइट: टर्शरी ब्युटाइलमधल्या एका मिथाइलचं कार्बॉक्सिलिक ॲसिड झालेलं. तेच वेगळं काढून औषध केलं, फेक्सोफेनाडीन, म्हणजे आपली अलेग्रा. हर्गचा त्रास नाही, झोपही फारशी येत नाही. तेव्हापासून या धंद्यात हर्गची टेस्ट सुरुवातीलाच करतात, आणि लिव्हरने काय काय बनवलंय हे पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

म्हणून इंटरव्ह्यूला मी नेम रिॲक्शन फारशा विचारत नाही. फळ्यावर एक कंपाउंड काढतो आणि विचारतो, लिव्हर याला पहिल्यांदा कुठे चावेल? समजा त्यात अनिसोल आहे, एक बेंझिलिक सीएच-टू आहे, एक एन-मिथाइल आहे. तयार मुलगी किंवा मुलगा तिन्ही जागा दाखवतो. मग मी म्हणतो, बरं, मेथॉक्सीचा मिथाइल निघतोय, काय करशील? बहुतेकांचं उत्तर फ्लोरिन. ठीक. पण मेथॉक्सीचा ऑक्सिजन प्रोटीनशी बाँड करत असेल तर? फ्लोरिन तो बाँड करणार नाही, पोटेन्सी जाईल. मग डायफ्लोरोमेथॉक्सी? की ऑक्सिजन रिंगमध्ये बांधून डायहायड्रोबेंझोफ्युरान? की मेथॉक्सी राहू देऊन सगळ्या मॉलिक्यूलचा लॉग-डी (तोही तेलकटपणाचाच आकडा) खाली आणायचा, म्हणजे एन्झाइमला त्यात रसच उरणार नाही? यात एकच बरोबर उत्तर नाही. "सर, आधी मेटाबोलाइट आयडी करून, म्हणजे लिव्हरने काय बनवलंय ते ओळखून, खरंच तिथेच चावतंय का ते बघू या," असं जो म्हणतो, त्याला मी घेतो. अंदाजावर तीन महिने घालवणारे पुष्कळ भेटतात.

आता भारताबद्दल. आपल्याकडे सिंथेसिसचे हात इतके तयार का, याचं कारण बरंचसं १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. त्या कायद्याने औषधावरचं प्रॉडक्ट पेटंट काढून टाकलं, प्रोसेस पेटंट ठेवलं. म्हणजे मॉलिक्यूल दुसऱ्याचा चालेल, रस्ता तुमचा हवा. तीसेक वर्षं आपल्या उत्तमोत्तम केमिस्टांनी रस्ते शोधले: स्वस्त, कमी स्टेपचे, जास्त यील्डचे. माटुंग्याच्या यूडीसीटीची (आताची आयसीटी) आणि पुण्यात पाषाणच्या एनसीएलची (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) माणसं यात सगळीकडे दिसतील. ही विद्या मोठीच आहे. मात्र "काय बनवायचं" हा प्रश्न तिथे बहुतेक वेळा आधीच सुटलेला असायचा.

तरी त्या काळातही नवं शोधणारे होते. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत नित्या आनंद आणि सहकाऱ्यांनी सेंटक्रोमान काढलं, स्टेरॉइड नसलेली गर्भनिरोधक गोळी. 'सहेली' म्हणून दुकानात मिळते आणि सरकारी योजनेत 'छाया' म्हणून. मुंबईतही गोरेगावला सिबाचं आणि मुलुंडला हेक्स्टचं संशोधन केंद्र होतं. कोलियस या वनस्पतीच्या मुळांतलं फोर्स्कोलिन जगभरच्या प्रयोगशाळांत गेलं, त्यात मुलुंडचा मोठा वाटा आहे. २००५ ला प्रॉडक्ट पेटंट परत आलं. पण डॉ. रेड्डीजनी मधुमेहावरचं बालाग्लिटाझोन नोव्हो नॉर्डिस्कला लायसन्स केलं होतं ते त्याच्याही आधी, १९९७ मध्ये. त्यांचंच रागाग्लिटाझार बरंच पुढे गेलं आणि २००२ मध्ये उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्यावर थांबलं. झायडसचं सारोग्लिटाझार २०१३ मध्ये भारतात मंजूर झालं. लुपिनच्या पुण्याजवळच्या नांदे गावातल्या केंद्रातून निघालेले एमएएलटी-१ या प्रोटीनला अडवणारे इन्हिबिटर २०१८ च्या डिसेंबरात ॲबव्ही या अमेरिकी कंपनीने घेतले, तीन कोटी डॉलर आगाऊ देऊन. आणि वोखार्टच्या औरंगाबादच्या, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरच्या लॅबने सगळे अँटिबायोटिक सोडून पळत असताना तोच विषय धरून ठेवला. लिव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन २०२० मध्ये भारतात मंजूर झालं. मराठवाड्यातल्या मुलांना हे माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. हैदराबादची गाडी पकडताना ते त्याच गावावरून जातात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नवीन औषधांचे विभाग आपल्याकडे उघडतात तसे बंदही होतात. क्लिनिकमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांत, गेलेल्या दहा कँडिडेटपैकी साधारण नऊ पडतात, आणि जेनेरिकच्या तिमाही नफ्याची सवय झालेल्या संचालक मंडळाला ते पचत नाही. परदेशी कंपन्याही काही वेगळ्या नाहीत. २०१४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने बेंगळुरूचं केंद्र बंद केलं. तिथे क्षयावर सुरू झालेला टीबीए-७३७१ मात्र पुढे दुसऱ्यांच्या हाती जाऊन क्लिनिकपर्यंत पोचला. मॉलिक्यूल जगतो, टीम पांगते. या धंद्यात हे एकदा तरी अंगावर येतंच, तेव्हा गृहकर्जाचा हप्ता ठरवताना ते लक्षात असू द्या.

त्यामुळे आजच्या घडीला भारतातल्या मेडिसिनल केमिस्टांना सर्वांत जास्त नोकऱ्या देतात त्या हैदराबाद, बेंगळुरू, पुणे इथल्या सीआरओ. तिथलं गणित एफटीईचं असतं: बॉस्टन किंवा बासलची कंपनी एका केमिस्टचा वर्षाचा दर देते आणि तो केमिस्ट तिच्यासाठी राबतो. सकाळी ईएलएनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक लॅब वहीत, स्कीम येते. आरबीएफ (गोल बुडाचा फ्लास्क) लावायचा, टीएलसी बघायची, एलसीएमएसला पाठवायचं, क्वेंच, वर्कअप, कॉलम, रोटावॅप, शेवटचं प्रेप एचपीएलसी, लायोफिलाइज करून व्हायल पाठवायची. आकडे तिकडे जातात. चांगल्या प्रोजेक्टवर ते तुम्हालाही दाखवतात. ब्लाइंड प्रोजेक्टवर टार्गेटचं नावही कळत नाही. दोन-तीन वर्षं असं काम केलेली मुलं भेटतात तेव्हा त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार असतो. बुचवाल्ड रिॲक्शन अडकली तर कोणता लिगँड घालायचा हे झोपेत सांगतील. पण अमुक ठिकाणी सायनो का लावला, असं विचारलं की "क्लायंटने सांगितलं" एवढंच. दोष त्यांचा नाही. जिथे हे ठरतं त्या खोलीत त्यांना कोणी बसवलंच नाही.

तेव्हा ऑफर घेण्याआधी पगारासोबत आणखी काही गोष्टी एचआरला नव्हे, टेक्निकल इंटरव्ह्यू घेणाऱ्याला विचारा. काम एफटीईचं आहे की कस्टम सिंथेसिसचं? कस्टम म्हणजे मागणीनुसार माल, त्यात डिझाइन नाहीच. ॲसे, म्हणजे टेस्टिंगचे रिपोर्ट आकड्यांसह केमिस्टपर्यंत येतात का? क्लायंट कॉलला ज्युनिअर बसतात का? कॉल बहुधा संध्याकाळी सात-आठला असतो, बॉस्टनची सकाळ; बसायला मिळत असेल तर रात्रीचं जेवण गार झालं तरी चालेल, बसा. कंपनीचा स्वतःचा कॉम्प्युटेशनल आणि डीएमपीके (औषधाचं शरीरात काय होतं ते बघणारा) ग्रुप आहे का? असेल तर कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर जेवायला जा. आणि पेटंट: सांगितलेलं कंपाउंड बनवून देणारा कायद्याने इन्व्हेंटर ठरत नाही, त्या कल्पनेत ज्याचा वाटा आहे तो ठरतो. त्या कंपनीतल्या केमिस्टांची नावं क्लायंटच्या पेटंटांवर दिसतात का, हे गुगल पेटंट्सवर पाच मिनिटांत कळतं. दिसत असतील तर तिथे डिझाइनला वाव आहे.

आता पीएच.डी. मला विचाराल तर, औषध शोधायचंच असेल तर पीएच.डी. करा, पण आजच करा असं नाही. एम.एस्सी.वर माणूस वर चढतच नाही असं नाही. माझ्या ओळखीत दोन-चार जण आहेत, आणि त्यातली एक बाई तर पाच पीएच.डी.वाल्यांना कोळून प्यायली आहे. पण प्रत्येक पायरीला त्यांना स्वतःला सिद्ध करावं लागलं, ते पदवी असलेल्याला लागत नाही. हे अन्यायाचं आहे, आणि बदलण्याची चिन्हं नाहीत. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये अधिक घरभाडं, हा २०२३ पासूनचा दर आहे. सीआरओच्या सुरुवातीच्या पगारापुढे हे काही वाईट नाही. फक्त फेलोशिप वेळेवर जमा होईल असं धरून चालू नका, चार-सहा महिन्यांचे पैसे हाताशी ठेवा.

विषय "मेडिसिनल केमिस्ट्री" असाच हवा हा हट्ट सोडा. पीएच.डी.त पन्नास कंपाउंड बनवून एमटीटी ॲसे (पेशी मरतात का ते बघणारी साधी टेस्ट) केला आणि "आशादायक अँटिकॅन्सर ॲक्टिव्हिटी" असा पेपर छापला, तर त्याने इंडस्ट्रीत कोणी प्रभावित होत नाही. मी तर अशा पेपरांना थोडा घाबरतोच. त्यापेक्षा एखाद्या नॅचरल प्रॉडक्टच्या टोटल सिंथेसिसमध्ये चार वर्षं मार खाल्लेला माणूस परवडतो. त्याला सतराव्या स्टेपला रिॲक्शन पडल्यावर मागे कुठवर जायचं हे कळतं. मेडकेम आम्ही त्याला सहा महिन्यांत शिकवतो. गाइड निवडताना त्यांचे जुने विद्यार्थी आता कुठे आहेत आणि किती वर्षांत सुटले, एवढं शोधलं तरी बरंच कळतं.

तुमच्या बाबतीत, घरी पैशाची निकड असेल तर नोकरी घ्या आणि दीड-दोन वर्षांनी पीएच.डी.कडे वळा. तो काळ वाया जात नाही, लॅबमध्ये तुम्ही इतरांपेक्षा दुप्पट वेगाने काम कराल. निकड नसेल आणि नेटचा अभ्यास आधीच निम्मा झाला असेल तर परीक्षा देऊन टाका. पगाराची आणि शहराची सवय झाल्यावर इनॉरगॅनिकची पुस्तकं पुन्हा उघडणं भल्याभल्यांना जमत नाही.

एआयबद्दल लोक मला दोन टोकांनी विचारतात. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जंपर यांना प्रोटीनच्या कामासाठी मिळालं ते योग्यच होतं. प्रोटीनच्या रचनेचा अंदाज देणाऱ्या अल्फाफोल्डने आमचं कामही सोपं केलं आहे. कोणती रिॲक्शन चालेल, कोणता लॉग-डी येईल, याचे अंदाज मॉडेल आता बरे देतात. जनरेटिव्ह मॉडेल रात्रीत दहा हजार स्ट्रक्चर काढून देतं. त्यातली निम्मी बनवायला कोणी धजणार नाही, काही हवेत ठेवली तर तुटतील, आणि उरलेल्यांतून पाच निवडायची असतात ती शेवटी मीटिंगमध्येच. शिवाय ज्या डेटावर मॉडेल शिकतं त्यातच गोंगाट असतो. एकच कंपाउंड दोन दिवशी टेस्ट केलं तर आयसी-५० दुप्पट-तिप्पट हलू शकतो. हे ज्याने स्वतः पाहिलंय तो मॉडेलच्या दोन दशांशांवर भाळत नाही. धोका आहे तो नुसत्या सांगितलेल्या स्टेप करणाऱ्याला, कारण अमाइड कपलिंग आणि सुझुकी या नेहमीच्या रिॲक्शन करणारे रोबो आले आहेत. थोडं पायथन आणि आरडीकिट (मॉलिक्यूल हाताळायचं सॉफ्टवेअर) शिकून घ्या, दोन्ही फुकट आहेत. कंपाउंडांच्या टेस्टचे आकडे असलेल्या चेंबल डेटाबेसमधून एखाद्या कायनेजचा डेटा उतरवा, स्वतः एसएआर टेबल (रचना बदलली की असर कसा बदलतो याचा तक्ता) मांडा आणि इमॅटिनिबचा तो मिथाइल काढला-घातला की आकड्यांचं काय होतं ते शोधायचा प्रयत्न करा. इंटरव्ह्यूत हे सांगितलंत तर पुढची पंधरा मिनिटं तुमचीच.

तब्येतीचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहितो. डायक्लोरोमिथेन आणि डीएमएफसारखे अपायकारक सॉल्व्हंट रोज हाताळायचे असतात. हूडचा एअरफ्लो शेवटचा कधी तपासला याचं स्टिकर इंटरव्ह्यूच्या दिवशी लॅब दाखवतील तेव्हा बघा. सोडियम हायड्राइड आणि डीएमएफ मोठ्या बॅचला एकत्र घालायला सांगितलं, किंवा कोरडं पॅलेडियम-कार्बन फिल्टरवर तसंच सोडायची पद्धत दिसली (दोन्हींत आगीचा धोका), तर सीनिअरला तोंडावर नाही म्हणा. गरोदरपणात हूडपासून दूर डेस्कचं काम मागून घेण्यात काही गैर नाही, चांगल्या कंपन्या देतात. आणि ऑफर लेटरमध्ये नोकरी मुदतीआधी न सोडण्याचा बाँड असेल तर त्यातली रक्कम आणि मुदत सही करण्याआधी वकील असलेल्या एखाद्या नातेवाइकाला दाखवा, मूळ सर्टिफिकेटं कोणाकडे ठेवायला देऊ नका.